लिनक्सवरील अंडरव्होल्टिंग : प्रोसेसरच्या विद्युद्दाबावरील अधिकाराचा इतिहास

लॅपटॉप संगणकाच्या प्रोसेसरला त्याच्या निर्मात्याने नेमून दिलेल्या विद्युद्दाबापेक्षा किंचित कमी दाब पुरवून तो चालविणे, या क्रियेस ती करणारे लोक ‘अंडरव्होल्टिंग’ असे म्हणतात. तिचा हेतू साधा आहे : यंत्र कमी तापावे, पंखा कमी फिरावा आणि बॅटरी अधिक काळ पुरावी. प्रोसेसर त्याच्या नेमल्या वेगापलीकडे पळविण्याचा जो उद्योग ‘ओव्हरक्लॉकिंग’ या नावाने प्रसिद्ध आहे, त्याच्याशी या क्रियेची पुष्कळदा गल्लत केली जाते. वस्तुतः दोहोंची प्रवृत्ती परस्परविरुद्ध आहे. मराठीत या क्रियेस स्वतंत्र नाव नाही. वीज वितरणाच्या परिभाषेतील ‘उच्चदाब’ आणि ‘लघुदाब’ हे शब्द वाहिन्यांच्या व ग्राहकांच्या प्रकारांना बांधले गेले असल्यामुळे त्यांच्या धर्तीवर घडविलेला कोणताही प्रतिशब्द वाचकास भलतीकडे नेईल. यास्तव प्रस्तुत निबंधात रूढ परकी शब्दच ठेवला आहे.

या क्रियेचा इतिहास हा वरकरणी एका अंकाचा इतिहास आहे. प्रोसेसरला किती व्होल्ट द्यावयाचे हे सांगणारा तो अंक कोणी लिहावा, हा त्यातील मूळ प्रश्न होय. लिनक्स या कार्यप्रणालीची संहिता सर्वांस वाचावयास खुली असल्यामुळे या प्रश्नाची स्थित्यंतरे तिच्या आधारे जितकी स्पष्ट दिसतात तितकी अन्यत्र दिसत नाहीत.

प्रथम अंकाचे महत्त्व कशात आहे ते पाहिले पाहिजे. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीमुळे होणारा वीजखर्च हा धारिता, दाबाचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वारंवारता निम्मी केली तर खर्चही निम्मा होतो, परंतु काम पुरे होण्यास दुप्पट वेळ लागतो. म्हणजे त्या कामापुरती खरी बचत काहीच झाली नाही. दाबाची गोष्ट निराळी. तो १ व्होल्टवरून ०.९ व्होल्टवर आणला, तर वर्गाच्या हिशेबाने खर्च ८१ टक्के उरतो आणि कामाची गती यत्किंचितही घटत नाही. दहा टक्के उतरवून एकोणीस टक्के मिळविण्याचा हा व्यवहार आहे.

या व्यवहाराचा लाभ उद्योगाने दीर्घकाळ आयताच घेतला. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये असे दाखवून दिले होते की, ट्रान्झिस्टरचे आकारमान आणि दाब एकाच प्रमाणात घटवीत गेल्यास दर क्षेत्रफळामागील वीजखर्च स्थिर राहतो. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चालत असे. १९९४ ची त्याची पुढील आवृत्ती ३.३ व्होल्टवर आली. पुढील दशकात दाब एक व्होल्टच्या आसपास येऊन ठेपला आणि तेथे उतार संपला. कारण याहून खाली जावयाचे तर ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून वीज पाझरू लागते. साधारण २००५ च्या सुमारास डेनार्ड यांचा हिशेब मोडला. यापुढे प्रत्येक मिलिव्होल्ट मागून घ्यावा लागणार होता.

आता असे विचारता येईल की, कमी दाबावर प्रोसेसर बिनचूक चालत असेल तर निर्माता अधिक दाब का नेमतो? याचे उत्तर निर्मितीच्या स्वरूपात आहे. एकाच चकतीतून कापलेले दोन प्रोसेसर सर्वांशी सारखे नसतात. एकास ज्या वेगासाठी ०.९५ व्होल्ट पुरतात त्याच वेगासाठी दुसऱ्यास १.०५ लागू शकतात. शिवाय तापमान वाढते, पुरवठा क्षणभर डळमळतो, वर्षानुवर्षांच्या वापराने ट्रान्झिस्टर मंदावतात. या सर्वांची तजवीज म्हणून नेमलेल्या दाबात काही शिल्लक धरली जाते. ही शिल्लक म्हणजे उधळपट्टी नव्हे, ती हमीची किंमत आहे. परंतु ती सर्वांत दुबळ्या नगास व सर्वांत वाईट परिस्थितीस धरून ठरविलेली असल्यामुळे, ज्याच्या हाती चांगला नग आला आहे त्यास ती अकारण भरावी लागते. अंडरव्होल्टिंग करणारा मनुष्य ही शिल्लकच परत मागत असतो. आणि तिच्याबरोबर हमीही परत करतो, हे विसरता कामा नये.

दाब हा चालत्या यंत्रात बदलता येणारा राशी आहे, ही कल्पना प्रथम विद्यापीठांत व प्रयोगशाळांत रुजली. बर्कली येथील चंद्रकासन, शेंग व ब्रॉडरसन यांचा अल्प वीजखर्चाच्या मंडलांवरील निबंध १९९२ चा. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रातील मार्क वाइझर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ मध्ये हे काम कार्यप्रणालीकडे सोपविण्याची दिशा दाखविली : प्रोसेसर भरधाव चालवून मग रिकामा बसविण्यापेक्षा तो संथ आणि कमी दाबावर चालविणे श्रेयस्कर. बाजारात ही कल्पना २००० साली आली. इंटेलच्या स्पीडस्टेप तंत्राने लॅपटॉपमधील ६५० मेगाहर्ट्‌झचा पेंटियम थ्री बॅटरीवर असताना ५०० मेगाहर्ट्‌झवर येई आणि दाब १.६ वरून १.३५ व्होल्टवर उतरे. वरील सूत्र लावल्यास वीजखर्च जवळजवळ ४५ टक्क्यांनी घटतो. त्यापैकी वारंवारतेचा वाटा अवघा २३ टक्क्यांचा आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत ट्रान्समेटा या कंपनीने आपला क्रुसो प्रोसेसर प्रकट केला. त्यातील लाँगरन तंत्र दाब व वारंवारता अनेक पायऱ्यांनी स्वतःच बदलीत असे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स हे १९९७ ते २००३ या काळात याच कंपनीच्या सेवेत होते. यावरून कार्यकारणाचा संबंध जोडण्याचा मोह आवरला पाहिजे, परंतु योगायोग नोंदविण्याजोगा आहे खरा.

लिनक्सच्या दृष्टीने खरा आरंभ २००३ चा. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात इंटेलचा पेंटियम एम बाजारात आला. त्याच्यासाठी लिनक्सच्या कर्नलमध्ये ‘स्पीडस्टेप-सेंट्रिनो’ नावाचा ड्रायव्हर समाविष्ट झाला. या ड्रायव्हरच्या संहितेत प्रत्येक प्रोसेसरच्या वारंवारता आणि त्यांचे दाब यांचे कोष्टक उघड उघड लिहिलेले होते, आणि ते इंटेलच्याच प्रकाशित तांत्रिक पत्रकावरून उतरवून घेतल्याचा निर्देशही तेथे होता. १.६ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे कोष्टक असे : ६०० मेगाहर्ट्‌झला ९५६ मिलिव्होल्ट, ८०० ला १०३६, १००० ला ११६४, १२०० ला १२७६, १४०० ला १४२० आणि १६०० ला १४८४. ड्रायव्हर या जोड्यांचे एकेका अंकात रूपांतर करी. अंकाच्या वरच्या भागात वारंवारता, शंभर मेगाहर्ट्‌झ हे परिमाण धरून. खालच्या भागात दाब, ७०० मिलिव्होल्टपासून सोळा-सोळाच्या पायऱ्यांनी मोजलेला. म्हणजे सर्वोच्च स्थिती ‘१६ आणि ४९’, तर नीचतम स्थिती ‘६ आणि १६’. हा अंक प्रोसेसरच्या नियत रजिस्टरमध्ये लिहिला की प्रोसेसर त्या स्थितीत जाई.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कार्यप्रणालीने प्रोसेसरला केलेली ही आज्ञा द्विपदी होती : अमुक वेगाने चाल आणि अमुक दाब घे. दोन्ही पदे आज्ञा करणाऱ्याच्या हाती होती. दुसरे पद बदलण्यास संहितेतील एक अंक खोडून दुसरा लिहिणे आणि कर्नल पुन्हा संकलित करणे एवढेच पुरेसे होते. ४९ च्या जागी ४० लिहिल्यास दाब १.३४० व्होल्ट होई आणि सर्वोच्च वेगावरील खर्च सुमारे १८ टक्क्यांनी उतरे. प्रोसेसर त्या दाबावर टिकतो की नाही, हे तो प्रोसेसरच सांगे.

पेंटियम एमची पुढील आवृत्ती, डोथान, २००४ साली आली तेव्हा ही पद्धत अडखळली, आणि तिचे अडखळणे उद्बोधक आहे. डोथानच्या तांत्रिक पत्रकात एकाच वारंवारतेसमोर दाबाचे एकाहून अधिक स्तंभ दिलेले होते. कोणत्या नगास कोणता स्तंभ लागू, हे कारखान्यातच ठरे. नगानगांत भेद असतो हे निर्मात्याने या पत्रकात स्वतःच लिहून दिले असे म्हणावयास हरकत नाही. एकच कोष्टक आता सर्वांस लावता येईना. म्हणून दाबाची माहिती लॅपटॉपच्या बायोसकडून घेण्याची रीत पडली, आणि पुढे ड्रायव्हरही बदलला. त्या काळात ‘लिनक्स-पीएचसी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पॅचांनी वापरकर्त्याची सोय केली. हे पॅच लावलेल्या कर्नलमध्ये एक छोटी फाइल दिसे. तिच्यात प्रत्येक वारंवारतेसाठी एक याप्रमाणे अंकांची एक ओळ लिहिली की दाब तत्काळ बदले. पुन्हा संकलनाची गरज उरली नाही. मुख्य कर्नलमध्ये या पॅचांना प्रवेश कधीच मिळाला नाही, आणि त्यात कर्नल राखणाऱ्यांचा हेका होता असे मानण्याचे कारण नाही. ज्याने दाब उतरविला आहे त्याचे यंत्र कोठेही, कसेही चुकू शकते. आणि चुकल्यावर तो दोष कर्नलचा म्हणून कळविला जातो.

योग्य अंक शोधण्याची रीत तेव्हापासून आजवर फारशी बदललेली नाही. दाब एक पायरी उतरवावयाचा, प्रोसेसरला भारी काम द्यावयाचे, तासन्‌तास निरीक्षण करावयाचे, मग पुढची पायरी. भारासाठी बहुधा एमप्राइम हे साधन वापरले जाई. मर्सेन मूळसंख्यांच्या शोधासाठी रचलेल्या या साधनात गणिताचे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहण्याची सोय आहे. ही सोय निर्णायक ठरते. दाब फारच कमी झाला तर यंत्र गोठते, ही आपत्ती निदान डोळ्यांना दिसते. परंतु गोठण्याच्या अलीकडे एक चिंचोळा पट्टा असा असतो की, तेथे यंत्र चालत राहते आणि क्वचित एखादे उत्तर चुकीचे देते. या पट्ट्याची माहिती अंडरव्होल्टिंग करणाऱ्या प्रत्येकास होती. तिचा उपयोग कोणी शस्त्र म्हणून करील, हे त्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात आले असेल.

पीएचसीचा काळ कोअर-टू पिढीबरोबर संपला. २००८ साली आलेल्या नेहेलम पिढीपासून इंटेलने प्रोसेसरच्या अंगातच एक स्वतंत्र वीजनियंत्रक बसविला. कार्यप्रणालीने आता केवळ वेगाचे गुणोत्तर सांगावयाचे. दाब किती हे नियंत्रक ठरवील. द्विपदी आज्ञा एकपदी झाली. लिनक्सच्या बाजूने पाहता काहीच बिघडले नव्हते, ड्रायव्हर उलट सोपा झाला होता. परंतु जो अंक वापरकर्ता लिहीत असे तो लिहावयास जागाच उरली नाही.

जागा उरली होती, मात्र तिची वाच्यता नव्हती. ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्या ग्राहकांसाठी इंटेलने विंडोजवर चालणारे स्वतःचे साधन दिले होते, आणि ते दाब बदलू शकत होते. याचा अर्थ प्रोसेसरशी त्या विषयी बोलण्याचा मार्ग कोठेतरी होता. तो मार्ग म्हणजे षोडशमान पद्धतीने १५० क्रमांकाचे, दशमानात ३३६ क्रमांकाचे मॉडेल-स्पेसिफिक रजिस्टर. इंटेलच्या प्रकाशित ग्रंथांत त्याचे विवरण नाही. विंडोजवरील साधनांच्या वर्तनाचे निरीक्षण करून त्याची रचना उकलण्यात आली, आणि २०१७ च्या सुमारास लिनक्सच्या वापरकर्त्यांसाठी ती लिहून प्रसिद्ध झाली. उकलण्याची ही रीत भाषाभ्यासकास अपरिचित वाटू नये. एका बाजूस पडद्यावर वाचता येणारे मिलिव्होल्ट, दुसऱ्या बाजूस रजिस्टरमध्ये गेलेला अनाकलनीय अंक : ही द्वैभाषिक नाणीच होत. प्रिन्सेपला इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांवरील ग्रीक अक्षरांनी जे साहाय्य केले तेच येथे मिलिव्होल्टांनी केले.

उकललेली रचना अशी. चौसष्ट बिटांच्या त्या अंकात एक भाग वाचावयाचे की लिहावयाचे ते सांगतो. एक भाग कोणत्या विभागाचा दाब ते सांगतो, शून्य म्हणजे गणनाकेंद्रे, एक म्हणजे चित्रविभाग, दोन म्हणजे कॅश, याप्रमाणे. आणि अकरा बिटांचा एक भाग मूळ दाबात करावयाची घट किंवा वाढ सांगतो. हे शेवटचे परिमाण मिलिव्होल्ट नसून व्होल्टचा १०२४ वा भाग आहे. उणे १०० मिलिव्होल्ट हवे असतील तर १.०२४ ने गुणून उणे १०२.४ येतात, अपूर्णांक सोडून उणे १०२, अकरा बिटांत ऋण संख्या लिहिण्याच्या रीतीने २०४८ मधून १०२ वजा जाता १९४६. तोच अंक परत वाचल्यास उणे ९९.६१ मिलिव्होल्ट असे उत्तर येते. ‘अंडरव्होल्ट’ आणि ‘इंटेल-अंडरव्होल्ट’ ही जी साधने या उकलीवर उभी राहिली, ती वापरणाऱ्यांना शंभर मागून ९९.६१ मिळाल्याचे कोडे वारंवार पडे. त्याचा उलगडा एवढाच आहे.

ही नवी रीत पीएचसीहून सोपी होती, पण अधिक बोथटही होती. पूर्वी प्रत्येक वेगासाठी स्वतंत्र अंक देता येई. आता संपूर्ण वक्रावरून एकच वजाबाकी होई. त्यामुळे वक्राचा जो बिंदू सर्वांत दुबळा असेल तोच मर्यादा ठरवी. गणनाकेंद्रे व कॅश यांचा दाब बहुधा एकत्र बांधलेला असल्याने दोहोंस सारखीच घट द्यावी लागे. यंत्र झोपवून उठविले की सर्व अंक पूर्ववत होत आणि पुन्हा लिहावे लागत. असे असूनही पातळ लॅपटॉपांच्या त्या काळात, जेव्हा प्रोसेसर तापून आपला वेग आपणच आखडता घेत असे, तेव्हा दाब उतरविल्याने वेग टिकून राहतो हा अनुभव पुष्कळांस आला. वीज वाचविण्यासाठी केलेली गोष्ट वेगासाठीही उपकारक ठरली.

१० डिसेंबर २०१९ रोजी ‘प्लंडरव्होल्ट’ या नावाने एक संशोधन प्रकट झाले. ते बर्मिंगहॅम विद्यापीठातील किट मर्डॉक, डेव्हिड ऑस्वाल्ड व फ्लाव्हिओ गार्सिया, लूवेन येथील यो व्हान बुल्क व फ्रांक पीसेन्स आणि ग्राट्‌झ येथील डानिएल ग्रुस यांचे होते. डार्मस्टाट व त्सिंगुआ येथील संशोधकही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आले होते. या सर्वांनी त्याच अघोषित रजिस्टरमधून दाब त्या चिंचोळ्या पट्ट्यात नेला, जेथे यंत्र गोठत नाही पण गुणाकार चुकतो. लक्ष्य होते एसजीएक्स, म्हणजे प्रोसेसरच्या आत राखलेला बंदिस्त कप्पा. गुप्तलेखनाचे गणित चालू असताना एखादाच गुणाकार चुकविला की चुकलेल्या उत्तरातून गुप्त किल्ली काढता येते, हे तत्त्व जुने आहे. बोनेह, डीमिलो व लिप्टन यांनी आरएसए पद्धतीच्या संदर्भात ते १९९७ च्या निबंधात मांडले होते. वारंवारता व दाब यांच्या नियमनाच्या मार्गाने असा घाला घालता येतो हेही कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये एआरएम प्रोसेसरवर दाखविले होते. प्लंडरव्होल्टने या दोन्ही धाग्यांची गाठ अंडरव्होल्टिंगच्या रजिस्टरशी घातली.

या घाल्याचे स्वरूप नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण पुढील सर्व परिणाम त्यातून निघतात. ते रजिस्टर लिहिण्यास यंत्रावरील सर्वाधिकार, म्हणजे रूट अधिकार लागतात. ज्याच्या हाती ते आहेत त्यास एरव्ही यंत्रातील कोणतीही गोष्ट वाचता येतेच. त्याला दाबाशी खेळण्याची गरज नाही. मग धोका कोणास? एसजीएक्सचे वचनच असे होते की, यंत्राच्या सर्वाधिकाऱ्यालाही त्या कप्प्यात डोकावता येणार नाही. दूरच्या केंद्रातील परक्या यंत्रावर आपले गुपित ठेवणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हे वचन मोलाचे आहे, आणि ते मोडले जात असेल तर निर्मात्याने उपाय करावयासच हवा. परंतु स्वतःच्या मांडीवरील लॅपटॉपचा दाब उतरविणाऱ्या माणसाच्या बाबतीत सर्वाधिकारी आणि मालक एकच असतो. ज्याच्यापासून रक्षण करावयाचे तो शत्रू, या व्याख्येनुसार, तो स्वतःच ठरला.

इंटेलने मायक्रोकोड व बायोस यांच्या दुरुस्त्या दिल्या. त्यांनी त्या रजिस्टरद्वारा दाब बदलण्याची सोय बंद करता येऊ लागली, आणि ती बंद आहे की नाही हे एसजीएक्सच्या प्रमाणनात दिसू लागले. एसजीएक्स वापरणाऱ्याने ती बंद ठेवावी, इतकाच याचा तार्किक आशय होता. प्रत्यक्षात अनेक लॅपटॉप-उत्पादकांनी बायोसच्या नव्या आवृत्तीत ती सरसकट बंद केली. कित्येक यंत्रांवर ती पुन्हा उघडण्याचा पर्यायही ठेवला नाही. सुरक्षेची दुरुस्ती म्हणून आलेला बायोस ज्यांनी निष्ठेने बसविला, त्यांच्या लॅपटॉपचा पंखा दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखा वाजू लागला. साधने चालत होती, अंक लिहिले जात होते. परत वाचल्यावर मात्र शून्य येत होते.

लिनक्सच्या कर्नलमध्येही याच सुमारास बदल झाले. नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ आवृत्तीत ‘लॉकडाउन’ ही व्यवस्था आली; ती चालू असताना सर्वाधिकाऱ्यालाही ही रजिस्टरे लिहिता येत नाहीत. ऑक्टोबर २०२० च्या ५.९ आवृत्तीपासून वापरकर्त्याच्या आज्ञावलीने अनोळखी रजिस्टरमध्ये काही लिहिले की कर्नल त्याची सूचना नोंदवू लागला. या बदलाचा उगम प्लंडरव्होल्टमध्ये शोधणे चुकीचे होईल. कर्नल राखणाऱ्यांची भूमिका निराळी होती : प्रोसेसरच्या अवस्थेत बदल करावयाचा तर तो कर्नलच्या ज्ञात मार्गाने व्हावा, कोणी मागील दाराने करू नये. ही भूमिका तत्त्वतः निर्दोष आहे. अडचण एवढीच की, ज्या रजिस्टरचे विवरणच प्रसिद्ध नाही त्याच्यासाठी पुढचे दार बांधता येत नाही. २००३ मध्ये ते दार होते, कारण कोष्टक निर्मात्याच्या छापील पत्रकात होते.

पुढे इंटेलने वैयक्तिक संगणकांसाठीच्या ११व्या व १२व्या पिढीच्या प्रोसेसरांतून एसजीएक्स वगळले. ते सर्व्हरच्या प्रोसेसरांपुरते उरले. ज्या कप्प्याच्या रक्षणासाठी दाबाचे रजिस्टर बंद झाले होते, तो कप्पा लॅपटॉपमध्ये राहिला नाही. ओव्हरक्लॉकिंगसाठी मोकळ्या ठेवलेल्या काही महागड्या मालिकांत बायोसमधून दाब उतरविण्याची मुभा मिळते. त्या पिढ्यांच्या बहुसंख्य लॅपटॉपांत मात्र उणे १०० लिहिले असता आजही शून्यच परत येते.